माहेरी आणलेल्या माद्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संग्रामपूरजवळच्या एका मळ्यात कुत्र्याचं पिल्लू मेलं. सकाळी त्याचे कान कातरले होते. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती.

मळा भाऊंचा. सगळे त्यांना भाऊच म्हणत. ते वांगी-मिरची पिकवत, पण त्यांचं नाव झालं वाघी या कुत्रीमुळे. सातपुड्यातून उतरणारी रानडुकरं तिच्या भीतीने मळ्याला वळसा घालून जात. पाहुणा आला की चहाच्या आधी भाऊ तिचं एखादं पिल्लू मानेला धरून उचलत. "रक्त पाहा, रक्त! अस्सल हाय."

तुम्ही पाहिलं असेल, राखणीच्या नराचे कान छाटतात. त्याने कुत्रं तापट होतं, असं मानतात. त्या दिवशी भाऊंनी जखमेवर हळद लावली, चुना लावला, राख दाबली. आमचा मळा शेजारीच; मी गेलो तेव्हा त्यांचं धोतर लाल झालं होतं.

"कातरीले जंग असन," ते म्हणाले.

पुढच्या वेताला नवी कातर आली. तेव्हाही एक नर गेला. दुसऱ्याचे कान कापलेच नाहीत. त्याला बैलाचा पाय लागला, मांडीवर गाठ आली आणि ती फुगतच गेली.

बुलढाण्याहून गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले होते. भाऊंनी त्यांना वाघीसमोर उभं केलं आणि पिल्लांचं सगळं सांगितलं.

"मरतात ते नरच का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव. माद्या ठणठणीत हायेत."

"त्या नरांचं रक्त गोठत नाही. हा दोष आईकडून येतो. तिला काही होत नाही, तिच्या नरांना होतं. तिच्या काही माद्याही तो पुढे नेतील. कोणत्या, ते बघून कळत नाही."

"आईकडून काऊन? बाप उनाड असन एखादा!"

"बापाचा इथे संबंध नाही, भाऊ."

वाघीचे नर भाऊ स्वतःकडे ठेवत. माद्या नारळासह गावोगाव देत आणि "लेक देऊन राह्यलो" म्हणत. त्या अजून व्यायल्या नव्हत्या. व्यायल्या की त्या गावांतही हेच होणार होतं. परत आणून व्यायू दिल्या नाहीत तर वाघीचा वंश संपणार होता.

"मीनंच देल्या. मलेच आणा लागतीन," ते म्हणाले आणि बैलगाडी जुंपली.

वडनेर भोलजीला मी त्यांच्यासोबत होतो. मादी दिलेल्या घरची बाई तिला भाकर घालत होती.

"लेक देऊन वापस नेता का, भाऊ? असं कुठी पाह्यलं नाही बाप्पा!"

"माहेरपणाले नेतो, बाई."

"मंग धाडता कवा?"

"धाडत नाही."

मग त्यांनी कारण सांगितलं. बाईने आत जाऊन करंडा आणला, मादीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दोरी भाऊंच्या हातात दिली.

एकेक करून सगळ्या आल्या. वाघी किंवा त्यांतली कोणी माजावर आली की भाऊ तिला गुरांच्या कोठ्यात कोंडत आणि दारात बाज टाकून बसत. गावातले कुत्रे कुंपणाशी जमत. भाऊ काठी आपटत.

"चाला बे! इथं लगन नाही!"

पुढे माद्या थकल्या. डुकरं पुन्हा मळ्यात उतरू लागली. कोणी राखणीला नर देऊ केला तर भाऊ म्हणत, "ह्या हायेत तवर नाही." रक्ताचं ते जुनं वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

भाऊ एका उन्हाळ्यात वारले. वडनेरची मादी तेव्हा जिवंत होती. पुढच्या हिवाळ्यात तीही त्याच कोठ्यात मेली. वाघीच्या माद्यांपैकी ती शेवटची. तिला पिल्लं झाली नव्हती.