हलीमाबीने उपसलेली दवा

नवरा गेला तेव्हा हलीमाबीने त्याची पाण्याची कातडी मशक खांद्यावर घेतली. बाईमाणसाने पखाल्याचं काम करायचं म्हणजे काय, म्हणून गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. ऐन उन्हाळ्यात दाराशी पाणी यायला लागलं तशी ती नाकं आपोआप सरळ झाली. नगरपालिकेने पाणी वाहायच्या परवान्याचा पितळी बिल्ला तिच्या नावाने करून दिला आणि गोड्या विहिरीचं पाणी ती नंदुरबारच्या आपल्या मोहल्ल्यात अकरा घरी पोचवू लागली. पाणी पारखायची तिची रीत साधी होती. ओंजळीत घेतल्यावर तळहाताच्या रेषा दिसल्या पाहिजेत आणि डाळ शिजली पाहिजे. एवढं जमलं की पाणी चांगलं.

सन अडतीसच्या चैत्रात तापीकाठच्या गावांतून पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, बातम्या यायला लागल्या. पालिकेचा शिपाई भिला रोज संध्याकाळी विहिरीत जंतू मारायची लाल दवा टाकून जाई. सकाळी पाणी गुलाबी दिसे. आता, नंदुरबारच्या माणसाला लाल म्हटलं की आधी मिरची आठवते. विहिरीपासून शंभर पावलांवर मिरच्या वाळवायची पथारी. वारा सुटला की अख्खी गल्ली शिंकत बसायची. मिरचीची धूळ विहिरीत उतरली, असंच सगळ्यांनी धरलं. भिला दवेचं सांगत होता, पण भिलाचं कोण मनावर घेतो!

खातूनबींचं घर हलीमाबीच्या अकरांतलं सगळ्यात जुनं. त्यांनीच माठावर हात आडवा धरला.

"हलीमा, हाई मिरचीनं पानी मन्हा माठमा नको टाकू."

हलीमाबीला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आत विहिरीवर जाऊ लागली. पन्नास-साठ पोहरे उपसून गटारीत ओतायचे, झऱ्याचं नवं पाणी येऊन रंग फिका पडला की मगच मशक भरायची. पाण्याला आलेल्या दोघीतिघी बायकाही हात लावायच्या. तळहाताच्या रेषा पुन्हा दिसू लागल्या, आणि पुण्य पदरात पडल्यासारखं सगळ्यांना वाटलं.

आठवडाभराने खातूनबींना उलट्या-जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, पण खाटेवरून उठवेना. तोवर पालिकेच्या आरोग्यवाल्या साहेबांनी विहिरीच्या पाण्याची बाटली पुण्याला तपासायला पाठवली होती. पाणी पिण्यालायक नाही, असं उत्तर आलं. विहिरीवर मनाईचा कागद लागला आणि भिलावर बालंट आलं, की हा दवा टाकतच नव्हता, परस्पर विकत होता. त्याची नोकरी जाणार हे गावभर झालं.

गप्प बसली असती तर हलीमाबीचं नाव कुणी घेतलं नसतं. ती बिल्ला घेऊन कचेरीत गेली.

"साहेब, भिलाने दवा टाकेल शे. मी ती उपसी टाकी."

साहेबांनी कारण विचारलं. तिने मिरचीचं सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन काचेचे प्याले मागवले. एकात उकळून गाळलेलं पाणी, दुसऱ्यात बंद केलेल्या विहिरीचं. दोन्ही सारखीच नितळ. दोन्हींत दवेचा एकेक खडा टाकला. पहिला प्याला गुलाबीच राहिला. दुसऱ्यातला रंग बघता बघता मळकट तपकिरी झाला.

"घाणीने दवा खाल्ली," साहेब म्हणाले. "रंग टिकला तर पाणी चांगलं, बाई."

भिला वाचला. बिल्ला मात्र पुढचा तपास येईपर्यंत साहेबांच्या कपाटात गेला.

रिकाम्या खांद्याने ती अकराही घरी जाऊन आली आणि आपण काय केलं ते जिथल्या तिथे सांगितलं. खातूनबींकडे शेवटी गेली. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मीच सांगेल व्हतं ना तुले," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगं, पन हात मन्हाच व्हता."

महिन्याने पुण्याहून दुसरं उत्तर आलं. पाणी सुधारलं होतं, विहीर उघडली, बिल्ला परत मिळाला. दवा मात्र चालूच होती. गुलाबी पाणी बघून तीन घरांनी दार लावून घेतलं. हिच्याच हातून रोग आला, असं एकीने तोंडावर ऐकवलं. हलीमाबी मशक सावरून पुढच्या घरी गेली. खातूनबींच्या सुनेने, रजियाने, पाणी नीट निरखून बघितलं आणि सासूला आत ओरडून सांगितलं की रंग आहे. आतून खातूनबींनी ओतायला सांगितलं.

तुटली ती तीन घरं पुन्हा जोडली गेली नाहीत. उरलेल्या आठांवर तिने पुढची नऊ वर्षं काढली.