चौथी प्रत

अकोल्याच्या जुन्या शहरात एक फोटोवाला होता. साठ सालच्या आसपास मी त्याच्याकडे एकदाच गेलो. वडील नुकतेच गेले होते आणि त्यांच्या एकुलत्या एका फोटोच्या चार प्रती हव्या होत्या. आम्ही तीन भाऊ, एक बहीण.

शेजारची सरकी काढायची जिनिंग गिरणी सुरू झाली की विजेचा दाब उतरे, प्रत काढायचा दिवा मंद होई आणि फोटो फिका येई. म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याचा डावा हात सतत विजेच्या बटणावर असे. दाब दाखवणाऱ्या काट्यावर डोळा ठेवून तो बटण सावकाश फिरवी आणि पुटपुटत आकडे मोजी. तीन प्रती झकास निघाल्या. चौथीच्या वेळी जिनिंग मध्येच सुरू झाली आणि त्याचा हात क्षणभर चुकला. कागद औषधात घातला तर वडील जरा फिके उमटले.

"राहू द्या," मी म्हणालो, "हा बहिणीले चालते."

त्यानं ओला फोटो सरळ फाडला.

"काहून? लेकीच्याच घरी बाप फिक्का काहून टांगाचा?"

 आणि त्यानं नवा कागद लावून पुन्हा मोजायला सुरुवात केली.

बहिणीकडे गेलो की त्या फोटोसमोर मी अजून मान वर करून उभा राहू शकतो, ते त्याच्यामुळे.