खोक्यातलं मशीन

“साहेब, ह्ये खोकं कवा उघडायचं?” मंगलनं तिसऱ्यांदा विचारलं. मी रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणालो, “अजून व्होल्टेज बरोबर नाही.”

हे खोटं होतं. सणसरजवळच्या त्या दूध संकलन केंद्रात व्होल्टेज ठीक होतं. मी स्वतः मीटर लावून पाहिलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका डेअरीत केमिस्ट होतो. बारामतीहून मोटारसायकलवर निघून इंदापूर तालुक्यातली केंद्रं तपासायचो. दुधातली फॅट, म्हणजे स्निग्धांश, तेव्हा ॲसिडनं काढत. काचेच्या नळीत आधी सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर दूध, वर थोडं अल्कोहोल. रबरी बूच लावून नळी हलवायची. ती इतकी तापते की हातात धरवत नाही, म्हणून फडक्यात गुंडाळायची. हे काम मंगल करायची. एकेकाळी मेंढरं राखणाऱ्या घरातली सून, दहावी पास, माझ्या सगळ्या केंद्रांत तिच्याइतकं नेमकं काम कुणाचं नव्हतं. तिच्या पदराला ॲसिडची भोकं पडलेली असायची आणि बोटं कायम तांबूस.

खोक्यात फॅट मोजायचं इलेक्ट्रॉनिक मशीन होतं. दूध द्या, बटण दाबा, आकडा वाचा. ॲसिडचं नाव नाही.

मला तेव्हा विज्ञानकथांचं वेड होतं. त्यातही यंत्रं राज्य करतात आणि माणसं देशोधडीला लागतात, असल्याच कथा आवडायच्या. खोकं बघितलं आणि वाटलं, आता मंगल घरी, पाठोपाठ मी. आपण तिची नोकरी वाचवतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे ‘केमिस्ट साहेब’ आले की केंद्रात खुर्ची पुसली जायची. मला ती खुर्ची प्यारी होती. ‘व्होल्टेज अपुरं’ असा रिपोर्ट मी पाठवून दिला.

एका सकाळी मी तिथंच चहा पीत होतो. मंगल नळी हलवत होती आणि बूच उडालं. ॲसिड मनगटापासून कोपरापर्यंत गेलं, एक थेंब डोळ्याच्या अगदी खाली. मी तिला हौदाकडं ओढलं आणि तांब्यावर तांब्या पाणी ओतत राहिलो. मग केंद्राच्या जीपमधून बारामतीला निघालो.

“डोळा जाईल का साहेब?”

“नाही,” मी म्हणालो. मला काही माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “त्ये मशीन चालू आसतं तर ह्ये झालं नसतं, व्हय ना?”

मी बाहेर उसाकडं बघत बसलो. आजही ती जीप आठवली की मान खाली जाते.

डोळा वाचला. हातावर डाग राहिले.

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. “व्होल्टेजचा रिपोर्ट तुमचाच ना?”

“हो, सर.”

“मग स्टॅबिलायझर का मागवला नाहीत?”

“गरज नव्हती.”

त्यांनी तो रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला. मी सगळं सांगून टाकलं. मला मेमो मिळाला. तो कमीच होता.

खोकं दुसऱ्याच दिवशी उघडलं. मंगल बरी होऊन येईपर्यंत मीच मशीन चालवलं. ती आली, शेजारी उभी राहून शिकली, आणि दुपारपर्यंत माझ्याच चुका दाखवायला लागली. मग तिची नजर भिंतीवरच्या प्लगकडं गेली.

“साहेब, लाइट तर तवाचीच हाय. नवीन काय बी केलेलं दिसत न्हाय.”

“खोटं बोललो होतो, मंगल. मला भीती वाटली.”

“कशाची?”

“मशीनची.”

तिनं मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “ह्याची?” म्हणाली आणि त्याच डागांच्या हातानं बटण दाबलं. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढं तालुक्यातल्या बाकीच्या केंद्रांत मशीन शिकवायला डेअरीनं तिलाच पाठवलं. तिची नोकरी गेली नाही, माझीही नाही. खुर्ची पुसणं तेवढं बंद झालं.

यंत्राला घाबरायचं तर माणसानं खुशाल घाबरावं. फक्त तेव्हा ॲसिडच्या नळीवर हात आपला असावा. माझ्या वेळी तो मंगलचा होता.