सहा वाकड्या खुर्च्यांचा पंचनामा

ती नाकाबंदी मला अजून जशीच्या तशी आठवते. अहेरीकडच्या एका ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. त्या प्रकरणात ज्याला मी आरोपी म्हणून ठाण्यात आणले, तो सुतार गेल्या महिन्यात वारला. तेरवीला जाऊन आल्यापासून रोज थोडे थोडे लिहितो आहे. हात सावकाश चालतो, पण प्रसंग स्पष्ट आहे.

सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. खबर देणारा भरवशाचा होता. त्याची माहिती याआधी दोनदा खरी ठरली होती. तो म्हणाला, "साहेब, सुताराच्या घरून सागवान निंगून राह्यलं. संस्थेच्या गाडीत भरून राह्यले. त्या गाडीले कोणी अडवत नाई, म्हून."

संस्था चंद्रपूरची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काम करणारी. या मुलांचे हातपाय, मान त्यांच्या ताब्यात नसतात. संस्थेच्या थेरपीवाल्या ताई महिन्यातून एकदा येत, घरोघरी मुलांचे व्यायाम घेत, आयांना मूल कसे धरायचे, कसे भरवायचे ते शिकवत. त्यांची गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती. चांगल्या नावाच्या आडून वाईट माल जातो, हे मी नोकरीत पाहिले होते. म्हणून नाकाबंदी लावली.

गाडीत सहा खुर्च्या आणि एक सुटी फळी सापडली. ताई त्या फेरीला नव्हत्या. गाडीत चालक आणि सुतार असे दोघेच. लाकूड सागाचे, फळ्या गरजेपेक्षा जाड, आणि एकाही फळीवर वनखात्याच्या हॅमरचा शिक्का नाही. आमच्या भागात परवान्याने तोडलेल्या सागावर तो शिक्का असतो. शिक्का नाही म्हणजे माल चोरीचा, असे आम्ही धरून चालायचो. लाकूडचोर कधीकधी फळ्यांना खिळे ठोकून ओबडधोबड पलंग, पाट करतात आणि फर्निचर म्हणून पुढे नेतात. या खुर्च्या तशाच वाटल्या. एकीची पाठ डावीकडे कललेली. दुसरीचा एक पायठेवा वर, एक खाली. प्रत्येकीच्या बैठकीत मधोमध उभा ठोकळा. असल्या खुर्चीत बसणार कोण?

खुर्च्या जप्त माल ठेवायच्या मालखान्यासमोर ठेवून घेतल्या, वनपालांना निरोप धाडला आणि चौकशी सुरू केली. आमचे जमादार तिथलेच होते, तोंडाचे फटकळ. त्यांनी एका खुर्चीत बसून पाहिले आणि अडकले. दोन शिपायांनी ओढून काढल्यावर ते सुतारावर उखडले, "काऊन रे, दारू पिऊन केल्या का ह्या?"

सुतार म्हणाला, "तुमच्या मापाची नाई ते, जमादार."

शिपाई हसले. मीही हसलो. त्याने खरे तर त्या एका वाक्यात सगळे सांगितले होते, पण मला ते ऐकू आले नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, "लाकूड कुठून आणलंस?"

"घरचं आहे."

"कोणाच्या घरचं?"

"ज्यायनं देल्लं त्यायच्या."

"नावं सांग."

"नावं नाई सांगणार, साहेब. मले बसवा कोठडीत."

तासभर हेच चालले. खोटे बोलणारा माणूस जास्त बोलतो, तपशील पुरवतो. हा कमी कमी बोलत गेला. तो कोणाला तरी वाचवतो आहे, एवढे कळले. मी समजलो, टोळीला.

दुपारी बाराच्या सुमारास एक बाई ठाण्यात आली. कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी, मान मागे लटकलेली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर. मागे तिचा म्हातारा सासरा, नदीत डोंग्यातून, म्हणजे छोट्या नावेतून, मासे धरणारा. चालकाच्या फोनवरून त्यांना कळले होते. बाई सरळ माझ्या टेबलासमोर आली.

"साहेब, माह्या पोरीची खुर्ची द्या."

मी समजावले, "बाई, तो मुद्देमाल आहे. गुन्हा दाखल झाला की कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही."

"कोर्ट कवा देईन?"

"सहा महिने. कदाचित वर्ष."

"तवरिक पोरगी वाढन ना! मंग तुमीच बसजा त्या खुर्चीत."

मग ती खालच्या आवाजात सांगू लागली. मुलीला झोपवून भरवले की घास श्वासनलिकेत जातो. छातीत कफ भरून मुलगी त्या वर्षात दोनदा दवाखान्यात राहून आली होती. दुसऱ्यांदा तर आशा सोडली होती. ताईंनी बजावले होते, पाठ टेकवून, मान सरळ ठेवून, बसवूनच भरवायचे. मांडीवर घेऊन ते जमत नव्हते, पोर धनुष्यासारखी मागे वाकून ताठ व्हायची. शहरातून आणलेली तयार खुर्ची शेणाने सारवलेल्या जमिनीवर डुगडुगायची. म्हणून ताईंनी सुताराला दोरीने मापे घ्यायला शिकवले आणि त्याने एकेका मुलासाठी वेगळी खुर्ची केली.

मी सुताराला विचारले, "हिची कोणती?"

सकाळपासून भिंतीला टेकून बसलेला तो माणूस पहिल्यांदा उठला. त्याने ती डावीकडे कललेली खुर्ची उचलून आणली. मुलीला बसवले, गुडघे हळूच वेगळे करून मधल्या ठोकळ्याच्या दोन बाजूंना ठेवले, छातीवरून सुती पट्टा बांधला. कललेल्या पाठीने तिचा वाकडा कणा झेलला. पायठेव्यांवर दोन्ही पावले पूर्ण टेकली. मान हलत हलत वर आली आणि थांबली. मुलीने ठाण्याची खोली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. जमादारांवर नजर थबकली आणि ती खुदकन हसली.

तिच्याशिवाय त्या खुर्चीत कोणीच बसू शकले नसते. चोरीच्या मालाला इतके नेमके माप कोण घेईल?

तेवढ्यात म्हातारा पुढे आला. "लाकडाचं मले विचारा. हे माह्या डोंग्याचं बूड आहे. म्या देल्लो."

तोवर वनपालही आले होते. त्यांनी गाडीतली ती सुटी फळी, त्याच डोंग्याची उरलेली, उलटी केली. खिळ्यांच्या जुन्या भोकांत डांबर भरलेले होते. नखाने खरवडून ते म्हणाले, "ठाणेदार साहेब, हे लाकूड वीसेक वर्षं पाण्यात राह्यलं आहे. ताजी तोड नाई." बाकीच्या खुर्च्याही तपासल्या. एकीत घराच्या दाराची फळी होती, एकीत जुन्या बैलगाडीची. म्हाताऱ्याने सांगितले, ज्यांच्या घरी असे मूल नव्हते, त्यांनीही दिले होते.

मी सुताराला म्हणालो, "हे सकाळीच सांगायचं होतं."

"डोंगा कवाचा, दार कवाचं, कागद कोनापाशी आहे, साहेब? नाव घेतलं असतं तं तुमी म्हाताऱ्याले आणून बसवलं असतं इथी."

तो बरोबर बोलला होता. मी नक्कीच बसवले असते.

वनपालांनी लाकूड जुने, वापरलेले असल्याचा लेखी अहवाल जागेवर दिला. पंचांसमोर प्रत्येक फळीचे वर्णन लिहिले, गुन्हा निष्पन्न होत नसल्याची नोंद घेतली आणि, गुन्हा अजून दाखल झालेला नसल्याने, खुर्च्या तिथेच परत केल्या. उरलेल्या पाच खुर्च्या जमादारांनी स्वतः गाडीत चढवल्या, मधे घोंगडी घालून, आणि चालकाला बजावले, "हळू ने. घासल्या तं तुले पाह्यतो."

मुलीची भुकेची वेळ टळत होती. खानावळीतून वरणभात मागवला. आईने तो बोटांनी मऊ केला आणि तिथेच, ठाण्याच्या व्हरांड्यात, भरवला. प्रत्येक घासाला सासरा पुढे वाकून ऐकत होता, खोकला येतो का. आला नाही.

ठाण्याचा लेखनिक, रायटर, स्टेशन डायरी घेऊन अडखळला. "साहेब, हे कसं लिहू?"

"पाहिलंस ते लिही."

त्याने लिहिले: मुलगी खुर्चीत बसून जेवली. खोकला नाही.

माझ्या नोकरीत मोठे गुन्हे उघडकीस आले, त्यांची कागदपत्रे जाडजूड आहेत. पण त्या दिवसाने मला मुद्देमालाकडे पाहायला शिकवले. वस्तू विचित्र दिसली की ती कोणाच्या मापाची आहे हे मी आधी विचारू लागलो, आणि ती मालखान्यात पडून राहिली तर तिकडे कोणाचे काय थांबेल, हेही. गप्प बसणारा माणूस दर वेळी गुन्हाच लपवत नाही, हे त्या सुताराने शिकवले. आपले दार, आपली गाडी, आपला डोंगा दुसऱ्याच्या लेकरासाठी मोडणाऱ्या लोकांत मी ठाणेदारी केली, याचा मला अभिमान आहे. आणि हातात आलेला गुन्हा त्या दुपारी मी सोडून दिला, याचाही.