गाठ साधी निघाली

डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा वर, मला लिंबाएवढी गाठ होती. एरवी दुखत नसे, पण तिच्यावर बोट आपटलं की थेट करंगळीपर्यंत करंट जायचा. बायको गेल्यापासून नालवाडीच्या घरात मी एकटाच. बसल्या बसल्या ती गाठ वाजवून बघायचो. माणसाला काहीतरी चाळा लागतोच.

सुई घालून तपासलं तेव्हा मात्र ब्रह्मांड आठवलं. एवढं सोसून रिपोर्ट काय, तर पेशी लांबट दिसतात, कॅन्सर असेलही, नसेलही. गाठ काढूनच बघावी लागेल.

हे गिरडला धाकट्या भावाच्या कानावर गेलं. त्याचं किराणा दुकान, त्याला कधी सवड नसते. माझ्या बायकोच्या तेराव्यानंतर तो फिरकला नव्हता. त्याच संध्याकाळी दारात उभा.

"मले काऊन नाई सांगतलं?" एवढंच म्हणाला आणि पिशवी खुंटीला अडकवली.

मग घर भरलं. शेजारचे डबे, नातेवाइकांची शहाळी, बिस्किटांचे पुडे. प्रत्येकाच्या ओळखीत कोणाला तरी अशीच गाठ झालेली, आणि तो माणूस हमखास गेलेला. मला राग यायचा, तरी फाटक वाजलं की बरंही वाटायचं. भाऊ सकाळी चहा करायचा, साखर नको तेवढी टाकायचा आणि दुकानाचं नाव काढायचा नाही. गाठीचं काय व्हायचं ते होवो, हा इथे राहावा, असं मला मनापासून वाटत होतं.

शेंगेतून दाणा काढावा तशी डॉक्टरांनी गाठ नसेवरून सोलून काढली. काही दिवसांनी तपासणीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"कॅन्सर नाही. नसेच्या आवरणाची साधी गाठ आहे, म्हणून तर करंट जायचा. सुईत थोड्याच पेशी येतात, तिथे फसायला होतं. अख्खी गाठ हातात आली, पेशींना वेगळे रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तेव्हा खात्री पटली."

भाऊ तिथेच रडला. मीही रडलो. त्याचं रडणं सुटकेचं होतं. माझं कशाचं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

दुपारी त्यानं खुंटीवरची पिशवी काढली. "आता काई भेव नाई. काई लागलं त फोन करजो, दादा." मी फाटकापर्यंत गेलो. शेजारीण डबा परत न्यायला आली. "साधीच होती म्हंता," असं म्हणताना जरा हिरमुसल्यासारखी दिसली.

बरेच दिवस दंडावर बोट आपटत राहिलो. करंट येत नव्हता. एका रविवारी न राहवून भावाला फोन लावला.

"काऊन दादा, गाठ आली काय परत?"

"नाही रे."

"मंग?"

त्याच्या मागे गिऱ्हाईक तेल मागत होतं. "काही नाही, सहज," म्हणालो आणि मीच फोन ठेवला.