शेगडीमामांची पाटी

शेगडीमामांची पाटी मीच फोडली. स्कूटर मागे घेताना मागे बघायचं असतं हे मला ठाऊक होतं. पण मी मामांशी गप्पा मारत होतो आणि मामा पुढे होते. पायरीला टेकवलेल्या पाटीचे दोन तुकडे झाले.

"बोलता बोलता धंदाच बसवलास की रे माझा," मामा म्हणाले आणि पुन्हा हातातल्या हीटरमध्ये डोकं खुपसून बसले.

नवी पाटी मी रंगवून द्यायची, हे ओघानंच आलं. पण लिहायचं काय?

जुन्या पाटीवर 'शेगडी दुरुस्ती' होतं. मामांच्या लेखी ऊब देणारी प्रत्येक वस्तू शेगडीच. कोळशाची, गॅसची, लाल नळीची, गरम वारा फेकणारी, सगळी एकाच घरातली भावंडं. गिऱ्हाईक हीटर पुढ्यात ठेवतं, तेव्हा मामा आधी बिघाड विचारत नाहीत. विचारतात, "हिच्यासमोर कोण बसतं?" आजी बसत असेल तर जाळी दाट करतात. रांगतं मूल असेल तर बूड जड करून देतात. गिझरला मात्र हात लावत नाहीत. "त्याच्यासमोर कोण बसतंय? ती शेगडी नव्हे, भिंतीवर चढवलेली टाकी!"

दुकानात त्यांच्यासमोरच्या स्टुलावर त्यांची मुलगी काम करते. हातात बापाचीच कला, आणि तोंडही बापाचंच.

"बाबा, शेगडी म्हटलं की लोकांना फक्त स्वयंपाकाची आठवते. हातात हीटर घेऊन माणसं आपल्या दारावरून पुढे जातात. पाटीवर हीटर-गिझर येऊ दे. नाहीतर मी चालले त्या मोठ्या दुकानात. ते बोलावतायत."

"जा की! तिथे एसी असतो. नाक गळेल."

"गळू दे. इथे डोकं तापतंय!"

आणि ती खरंच त्या दुकानाच्या मालकाला भेटायला गेली.

मी ब्रश बुडवून तयार. मामा हीटरवर वाकलेले. एका हातानं तार ताणून धरलेली, दुसरा हात सवयीनं पुढे गेला, पकडीसाठी. तो तसाच हवेत राहिला. मामांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग स्वतःच उठले, पकड शोधली, तोवर तार निसटली.

"लिही," ते म्हणाले. "हीटर. खाली गिझर."

"आणि शेगडी?"

"जागा उरली तर."

माझाच जीव कळवळला. म्हटलं, "मामा, इतकी वर्षं जपलेला शब्द असा एका फटक्यात सोडलात?"

"समोर शब्द बसत नाही रे गाढवा, पोरगी बसते."