सगळ्या सर्व्हिस माझ्याकडेच: गाझियाबादच्या वाळूतले दोन दिवस

बीच व्हॉलीबॉल शिकायला चाललेय असं सांगितल्यावर दिल्लीतल्या मुनिरक्याची माझी घरमालकीण हसली आणि समुद्र कोणत्या मेट्रो स्टेशनला लागतो ते विचारू लागली. समुद्र नाही, पण गाझियाबादला इंदिरापुरमच्या कडेला ट्रकने आणून पसरलेली वाळू आहे. तिथे एक दिवस शिबिर आणि दुसऱ्या दिवशी सामने होते. जोडीदार शिरीन, माझ्याच विद्यापीठातली, गाझियाबादच्या मराठी घरात वाढलेली. तिने आधीच स्पष्ट केलं होतं की इथे जमलं तर पुढेही एकत्र खेळू, नाहीतर ती दुसरी जोडीदार बघेल. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. कुणी पारखतंय म्हटलं की मला आदल्या रात्रीपासून जेवण जात नाही.

मुनिरक्याहून मजेंटा लाइनने बोटॅनिकल गार्डन, तिथून ब्लू लाइनने नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटी आणि पुढे शेअर ऑटो. जाऊन-येऊन माणशी दोनशेच्या आत भागतं. फेब्रुवारीत जाणार असाल तर जाड मोजे घ्या, सकाळी वाळू इतकी गार असते की बोटं बधिर होतात.

कोच मॅडम रोहतकच्या. हॉलमधल्या व्हॉलीबॉलची लांब धाव वाळूत पाय रुतवते, म्हणून शेवटची दोन पावलं छोटी टाकून सरळ वर उडायचं, हे त्यांनी आधी घोटून घेतलं. उघड्या बोटांनी चेंडू हळूच पलीकडे टाकलेला इथे चालत नाही. बोटं दुमडून पेरांनी ढकलायचा. हे मला पटकन जमलं. पण दोघींच्या मधोमध आलेला चेंडू आम्ही ‘तू घे, तू घे’ करत खाली पडू दिला, तेव्हा मॅडमनी तिथल्या ‘पहले आप’ची आठवण काढत विचारलं, “लखनऊ से आई हो क्या दोनों?”

सरावाच्या सामन्यात समोरच्या मुलींनी एकूणएक सर्व्हिस माझ्यावर टाकली. जोडीतली कच्ची कोण ते हेरून तिलाच छळायचं, ही इथली रीतच. प्रत्येक चेंडूनंतर मी सॉरी म्हणत होते, आणि शेवटी शिरीन वैतागून म्हणाली, “यार, सॉरी नको म्हणूस, चेंडू वर दे.”

दुपारी गाडीवर छोले-कुलचे खाताना मी मॅडमना हळूच विचारलं की सर्व्हिस घ्यायला शिरीनने जास्त जागा सांभाळली तर? त्यांनी कुलचा खाली ठेवला. “जिसे सर्व्हिस मिलती है, मारने का मौका भी उसी को मिलता है. वो तुझे बॉल दे रहे हैं, पगली. ले ले.”

मुक्काम शिरीनच्या घरी. तिच्या अम्मीने भाकरी आणि खिमा वाढला, आणि घरात आणलेल्या वाळूत एक खोली बांधून होईल असं ऐकवलंही.

रविवारी गुरुग्रामच्या जोडीनेही मलाच धरलं. वारा होता, म्हणून मी सर्व्हिस उचलताना चेंडू फार उंच न जाऊ देता जाळीच्या दिशेने ठेवला. शिरीनने तो उचलून दिला आणि ओरडली, “लाइन खाली!” म्हणजे रेषेकडची बाजू रिकामी. पलीकडे न बघताच मी रेषेलगत मारला. पॉइंट. पुढचा तिने “क्रॉस” म्हटल्यावर पेरांनी तिरका ढकलला. पुन्हा पॉइंट. आणखी चार-पाच वेळा असंच झालं. मग समोरच्या दोघी तोंडावर हात धरून कुजबुजल्या आणि पुढची सर्व्हिस शिरीनकडे गेली. इतका वेळ एकही सर्व्हिस न आलेल्या शिरीनने ती थेट ऑटो स्टँडच्या दिशेने उडवली.

“सॉरी,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी वाळूत बसून हसलो. पंचांनी शिट्टी वाजवून उठवलं.

तो सामना जिंकलो, पुढचा हरलो. परतीच्या मेट्रोत, माझ्याबरोबरच हॉस्टेलवर निघालेल्या शिरीनने माझ्या खांद्यावर डोकं टेकून सांगितलं, “मार्चचे रविवार मोकळे ठेव. दुसऱ्या कुणाशी बोलले नाहीये मी.”

खोलीवर आल्यावर दोनदा आंघोळ केली, तरी कानातून वाळू निघतच होती. गुडघे सोलवटलेत, मांड्या भरून आल्यात. भीती गेली का? नाही गेली. फक्त आता समोरची मुलगी चेंडू हातात घेऊन आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघते, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणते, टाक, इकडेच टाक.